विळीला धार नाही

माझ्या घरात धार लावायचे चार दगड आहेत. दोन जपानी, पाण्यात भिजवून वापरायचे. एक तेलावरचा, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळालेला. चौथा आजोबांच्या वेळचा, घासून घासून मधोमध खोलगट झालेला. हे चारही दगड घरात असताना माझी बायको आठ वर्षं बोथट विळीवर भाजी चिरत होती.

2023 च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तिनं लाल भोपळ्याची फोड पात्यावर दाबली. पातं आत शिरलं नाही, फोड निसटली आणि अंगठ्याच्या मुळाशी खोल चीर गेली. बोथट पातंच हाताला लागतं, हे धार लावणारा कुणीही सांगेल, कारण त्यावर जोर द्यावा लागतो. तीन टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? ती म्हणाली, "विळीला धार नाही." एवढंच म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही. हात कापला तेव्हा मी आतल्या खोलीत एका पटाशीला तेल पुसत होतो. ती पटाशी विकत घेतल्यापासून लाकडाला एकदाही लागली नव्हती.

पुण्यातल्या पांढरपेशा पुरुषांच्या छंदाबद्दल मला काही बोलायचंय, आणि ते गुळमुळीत बोलायचं नाही. मी त्यांच्यातलाच आहे. हत्यारं आणि सुऱ्या जमवणारे आम्ही या शहरात बरेच आहोत. कुणाकडे रंधे आहेत, कुणाकडे अडकित्ते, कुणाकडे घडीचे चाकू, कुणाकडे परदेशातून मागवलेल्या सुऱ्या. आमच्यातल्या बहुतेकांनी घराला फसवलंय. फसवलंय हाच शब्द त्याला योग्य आहे. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवायचं, अर्धे पैसे रोख आणि अर्धे फोनवरून द्यायचे म्हणजे बँकेच्या खात्यात आकडा लहान दिसतो, चौदा हजारांची सुरी "चौदाशेला पडली" म्हणून सांगायची. बाहेरच्या बाईपायी हेच कुणी केलं असतं तर वाड्यातल्या चार वडीलधाऱ्यांनी त्याला बोलावून झापलं असतं. पोलादापायी केलं की तो रसिक ठरतो.

आधी या वस्तूंबद्दल लिहितो, कारण त्यांच्यावरचं माझं प्रेम खोटं नाही. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथं पोत्यावर पसरलेल्या लोखंडात हात घातला की कधी तरी एखादा गुण्या हाती लागतो. त्याच्या पितळी पट्टीवर कुणीतरी ठोकून आपली आद्याक्षरं उमटवलेली असतात. खडकी, पिंपरी, भोसरीच्या कारखान्यांत फिटर, टर्नर, पॅटर्नमेकर म्हणून जन्म काढलेल्या माणसांच्या हत्यारपेट्यांतलं हे लोखंड. माणूस निवृत्त झाला, गेला, मुलांनी फ्लॅट रिकामा करताना पेटी किलोवर घातली. माझ्याकडे एक पटाशी आहे. तिची शिसवी मूठ एका बाजूनं अंगठ्याएवढी झिजली आहे. त्या खळग्यात अंगठा ठेवला की आपोआप पकड बरोबर बसते, कोन बरोबर येतो. मला कधीही न भेटलेला एक सुतार माझा हात धरून शिकवतो. हे ज्याला कळत नाही त्याच्याशी या विषयावर मी वाद घालत नाही. जो म्हणतो, "विका हो ते भंगार," त्याचंही मला पटत नाही. त्या मुठीत एका माणसाची तीस वर्षं आहेत.

पण माझ्या घरातही एका माणसाची वर्षं जात होती, आणि तिकडे मी बघत नव्हतो.

बायको धनकवडीतल्या आमच्या दोन खोल्यांत साड्यांना फॉल लावायची. फॉल हातानं लावून व्हायचा, पिकोला साडी बाहेर द्यावी लागायची. गिऱ्हाइकाकडून मिळायचे त्यातले साडीमागे चाळीस रुपये पिकोवाल्याला जायचे. तिला स्वतःचं पिकोचं मशीन घ्यायचं होतं. बारा जणींची भिशी होती, महिना दीड हजाराची. फेब्रुवारी 2018 ला तिचा नंबर लागला. अठरा हजार रुपये तिनं कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवले. त्याच आठवड्यात मला इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या सात पटाश्यांचा संच दिसला. एकाच कारखान्याच्या, एकाच सुताराच्या, लाकडी पेटीसकट. साडेसोळा हजार. मी ते पैसे काढले. "दोन महिन्यांत परत ठेवतो" असं मनाशी म्हटलं, तिला सांगितलं नाही. तिनं घडी उलगडली तेव्हा तिला कळलं.

मशीन चौदा महिन्यांनी आलं. त्या चौदा महिन्यांत तिच्या हातून साधारण साडेचारशे साड्या गेल्या. चाळीस रुपयांनी अठरा हजार होतात. म्हणजे मी तिचे साडेसोळा हजार घेतले आणि वर त्याहूनही जास्त पुन्हा बुडवले. हा हिशोब मी कधी केला नव्हता, अंगठ्याला टाके पडल्यावर तिनं करून दाखवला. आरडाओरडा नाही, रडणं नाही. वाण्याच्या यादीच्या पाठीमागे पेन्सिलीनं मांडलेला गुणाकार.

त्या रात्री मी पण वही घेतली. फोनमधले व्यवहार, जुनी पासबुकं, आठवतील तेवढे रोखीचे सौदे. 2015 ते 2023, आठ वर्षांत 3,12,400 रुपये. नग 214. त्यांतले गेल्या वर्षभरात एकदा तरी हातात घेऊन काम केलेले, अकरा. आमच्या छंदातल्या प्रत्येकानं हा आकडा काढावा असं मी उघड म्हणतो, आणि काढणार नाही असा प्रत्येक जण मला माहीत आहे. एकानं तोंडावर सांगितलं, "असले हिशोब केले की मजा जाते." त्याची मजा कुणाच्या पैशावर चालली आहे हे त्याला पक्कं माहीत आहे, म्हणूनच वही नको.

रविवारी बाजारातून निघाल्यावर चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी काका केळकरांचं नाव काढतोच. "केळकर घरखर्चाचा हिशोब करत बसले असते तर म्युझियम झालं असतं का?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं की डोकं फिरतं. दिनकर गंगाधर केळकर, जन्म 1896, मृत्यू 1990. चष्म्याचं दुकान, 'अज्ञातवासी' या नावानं कविता. 1920 च्या सुमारास संग्रहाला सुरुवात केली ती शेवटपर्यंत, आणि वस्तू वीस हजारांच्या वर गेल्या. सरकारनं पद्मश्री दिली. या माणसाचं नाव घेऊन आम्ही आमची चोरी पवित्र करून घेतो.

ज्यांना केळकर आठवतात त्यांनी शुक्रवार पेठेत जाऊन ते संग्रहालय डोळे उघडून बघावं. तिथं काय मांडलंय? अडकित्ते, वज्र्या, खवण्या, दिवे, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकघरातली भांडी. बाईच्या हातातल्या वस्तू. दुसरे संग्राहक तलवारी आणि राजांची चित्रं शोधत फिरत असताना हा माणूस माजघरात शिरला, चुलीपाशी बसला, आणि पाय घासायच्या वज्रीतही घडवणाऱ्याची कला आहे हे त्यानं ओळखलं. कमलाबाईंनी या कामात आयुष्यभर साथ दिली. त्यांच्यापासून लपवून काही चाललं नव्हतं, लपवून वीस हजार वस्तू घरात येतच नाहीत. त्यांचा लहानगा मुलगा राजा सातव्या वर्षी गेला, संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. आणि शेवटी सगळं महाराष्ट्र शासनाच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या हवाली करून टाकलं. आज तिकीट काढून कुणीही आत जातं.

आमच्यातला एक तरी असा आहे का? आमचे खण कुलपात. आमच्या वस्तू आम्ही एकमेकांनाच दाखवतो, तेही किंमत ऐकवण्यासाठी. केळकरांनी माजघरातल्या वस्तूंना मान दिला आणि आम्ही माजघरातला पैसा उचलून त्याच्या पटाश्या केल्या. तेव्हा कृपा करून टपरीवर ते नाव घेऊ नका. घ्यायचंच असेल तर घरी जाऊन विळीच्या पात्यावरून बोट फिरवा, आणि मग घ्या.

दुसरी थाप "ही गुंतवणूक आहे" अशी. सोन्याचा भाव रोज पेपरात येतो, हॉलमार्क असतो, लक्ष्मी रोडवर कुठल्याही पेढीत वळं नेलं तर तासाभरात पैसे हातात पडतात. रंध्याचा भाव कुठे येतो? मी 2023 च्या दिवाळीनंतर 120 नग काढले. ज्यांनी मला "पुढं दुपटीनं जाईल" म्हणून विकले होते त्यांनीच ते परत घेताना तोंड वाकडं केलं. कुठे मूठ बदललेली, कुठे गंजाचे डाग, कुठे छाप पुसट. पुण्याच्या पावसाळ्यात कार्बन पोलाद आठवडाभर तेलाविना राहिलं तर डाग धरतं, आणि 120 नगांना तेल पुसायला रविवार पुरत नाही. घातलेल्या पैशांतले जेमतेम एक तृतीयांश परत आले. गुंतवणूक म्हणे! पोरगी नववीत गेली तेव्हा क्लासची फी हप्त्यानं भरायची वेळ आली होती, तेव्हा यातली एकही "गुंतवणूक" मोडून चार दिवसांत पैसे उभे करता आले नाहीत.

आणि रविवार. पैशाचा तरी हिशोब मांडता येतो. पोरीच्या लहानपणातले साधारण तीनशे रविवार मी सकाळी सातला घराबाहेर पडलो आणि जेवायच्या वेळेला तेलकट हात घेऊन परत आलो. ती पर्वतीला गेली ती आईबरोबर, सायकल शिकली ती मामाकडे. तिला माझ्याकडची एकही वस्तू हाताळता येत नाही, कारण मी तिला कधी हात लावू दिला नाही. "लागेल" म्हणून. ज्या सुताराच्या मुठीवर मी एवढा जीव टाकतो, त्यानं आपल्या पोराला सातव्या वर्षी करवत धरायला दिली असणार.

परदेशी सुऱ्यांबद्दल एक सांगायलाच हवं. सातारा रस्त्याला, सासवडच्या वाटेवर, कुठे मोकळी जागा असेल तिथं घिसाड्यांची बिऱ्हाडं उतरतात. ट्रकच्या जुन्या कमानीचा पाटा भट्टीत लाल करायचा, पुरुष सांडशीत धरतो, समोर उभी बाई दोन्ही हातांनी घण घालते. डोळ्यांनी रंग ओळखून पाणी देतात. त्यांच्याकडे तापमान मोजायचं यंत्र नाही, आणि पातं कुठे ठिसूळ राहील, कुठे मऊ पडेल हे त्यांना आवाजावरून कळतं. कमानीचं पोलाद चांगलंच असतं, तोलूनमापून घडवलं तर त्याची विळी वीस वर्षं जाते. त्या बाईनं साडेतीनशे सांगितले की आमचा रसिक गाडीची काच खाली करून म्हणतो, "मावशी, अडीचशे घ्या." आणि तोच माणूस रात्री जपानमधल्या सुरीला चौदा हजार, वर कस्टम ड्युटी, वर कुरिअर, एका शब्दानं घासाघीस न करता देतो. तिथल्या लोहाराच्या सात पिढ्यांची गोष्ट त्यानं पाठ केलेली असते. इथं घण घालणाऱ्या बाईचं नाव त्यानं विचारलेलं नसतं. हे लोक भटक्या जमातींत मोडतात, त्यांच्या मुलांची शाळा दर मुक्कामाला सुटते, आणि त्यांनी घडवलेलं पातं आमच्या एकाच्याही संग्रहात नाही. पोलादाची पारख आहे म्हणून मिरवणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. मला ते देता आलं नव्हतं.

कायद्याचंही बोलतो, कारण त्याची झळ घराला बसते. 1959 च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या यादीत आहेत. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली तेवढी वगळली आहेत. तलवार, खंजीर, गुप्ती यांना तर ती पळवाटही नाही. कोयता गँग हा शब्द गेली काही वर्षं पुण्याच्या पेपरात रोजचा झालाय. कोयता हातात घेऊन काढलेला फोटो मोबाइलवर टाकणाऱ्या पोरांना पोलीस उचलतात आणि ते योग्यच करतात. अशा शहरात घरात तलवारी जमवून "हा आमचा इतिहास" म्हणणाऱ्यानं आधी घरच्यांना विचारावं की उद्या दार वाजलं तर उघडायला कोण जाणार आहे. तो ऑफिसात असतो. दारात त्याची आई असते.

आता मी काय करतो ते सांगतो, ते कुणी गिरवावं म्हणून नाही. घराचा महिन्याचा खर्च, कर्जाचा हप्ता, पोरीच्या क्लासचे आणि दवाखान्याचे बाजूला ठेवलेले पैसे, एवढं झाल्यावर जे उरतं त्याचे दोन सारखे भाग होतात. एक माझा, एक तिचा. तिच्या भागाचं तिनं काय केलं ते मी विचारत नाही. माझ्या भागातनं मी हत्यार घेतलं तर ते त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या ओट्यावर येतं, खरी किंमत सांगून. काही महिन्यांत माझ्या भागात चारशे रुपये उरतात, तेव्हा चारशेचंच काही मिळालं तर मिळतं. लोक म्हणतात, हे फार अपमानास्पद झालं, बायकोला किंमत सांगायची. ज्याला खरी किंमत सांगण्यात अपमान वाटतो त्यानं ती वस्तू घेऊ नये. माझ्या ओळखीच्या एकानं यावर मला बायकोचा गुलाम म्हटलं. त्याच्या बायकोला त्याच्या क्रेडिट कार्डावरची थकबाकी अजून माहीत नाही. तिच्या नावावरच्या फ्लॅटचा हप्ता त्यानं या वर्षी दोनदा चुकवला, हे मला माहीत आहे.

आणि बायकांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण गोड बोलायला मी बसलेलो नाही. नवऱ्याचा छंद मोडून काढण्यात शहाणपण नाही. अकरा हत्यारं उरली असती आणि बाकीची भंगारात गेली असती तर मीही या घरात वस्तूसारखाच उरलो असतो. माझ्या बायकोनं ते केलं नाही. तिनं हिशोब मांडला, शेफिल्डच्या सात पटाश्या विकू दिल्या नाहीत. "त्या माझ्या पैशाच्या आहेत, त्या राहतील, आणि त्यांनी काम करायचं," म्हणाली. त्याच पटाश्यांनी मी तिच्या मशीनसाठी सागवानी टेबल केलं. पायाचे सांधे पहिल्यांदा ढिले झाले, दुसऱ्यांदा बसले. पोरीनं त्यातली एक खाच स्वतः पाडली. थोडी तिरकी आहे, तशीच ठेवली.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. त्या दिवशी हत्याराला सुट्टी असते, वर्षभर राबल्याची. आठ वर्षं मी जमलेले सगळे नग पाटांवर मांडून, झेंडू वाहून, फोटो काढत होतो. वर्षभर खणात पडून राहिलेल्या पोलादाला कसली सुट्टी द्यायची, हे मला सुचलं नव्हतं. पूजेच्या ताटापलीकडे तिचं मशीन, आल्यापासून, त्या दिवशीही चालू असायचं, कारण दसऱ्याच्या साड्या द्यायच्या असायच्या.

यंदा मशीन मधोमध होतं, त्याच्याच टेबलावर. बाजूला विळी, तिची कात्री, पटाश्या, मूठ झिजलेली ती एक, आणि घिसाडी बाईकडून घेतलेला खुरपं-कोयत्याचा जोड, सांगितलेल्या किमतीला. तिनं हळद-कुंकू लावलं. साडेअकराला खालच्या मजल्यावरच्या काकू साडी घेऊन आल्या, संध्याकाळच्या कार्यक्रमाला हवी होती. बायको दारातच म्हणाली, "उद्या या काकू, आज मशीनला सुट्टी आहे."